दाखवा बघू, कसं ओढता?

काउंटरपलीकडून : वाचकांची पत्रं आणि औषधवाल्या ताईंची उत्तरं

ऊसतोड सुरू झाली, शिवारात पाचट पेटायला लागलं, की आमच्या कराडच्या दुकानात खोकल्याचा आवाज आधी येतो आणि माणूस मागून. गेल्या अंकात दमेकऱ्यांनी थंडीत काय सांभाळावं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी पंपाबद्दल, म्हणजे तोंडाने औषध ओढायच्या इनहेलरबद्दल निघाली, म्हणून हे पान या वेळी पंपालाच दिलं आहे. पत्रं जागेअभावी छाटली आहेत. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ते हातात आल्यावर छातीपर्यंत पोचतं की नाही, एवढं मी बघते.

बार्शीहून एक सूनबाई लिहितात : ताई, सप्रेम नमस्कार. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं बिडी ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) सांगितलंय. दोन पंप आहेत. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा दम लागला तरच. हा दुसरा दोनशे फवाऱ्यांचा पंप महिनाभरही पुरत नाही. तरी रात्री उठून बसतात. म्हणतात, ‘हा पंप पाणचट आहे, जालीम आण.’ जास्त पॉवरचा पंप मेडिकलमध्ये मिळेल का? आणखी एक, पंप मारला की त्यांच्या तोंडातून धूर निघतो. ते बरोबर आहे का?

सूनबाई, शेवटचं वाक्य पहिलं लिहायला हवं होतं. तो धूर म्हणजेच सासऱ्यांचं औषध. पैसे मोजून आणलेलं आणि खोलीत सोडून दिलेलं.

पंप अगदी नीट ओढला तरी त्यातलं साधारण दहा ते वीस टक्के औषध फुप्फुसात उतरतं, बाकीचं घशाला आणि जिभेला लागतं. हा हिशेब नीट ओढणाऱ्याचा. दाबायची आणि ओढायची वेळ चुकली की त्या दहा-वीसातलंही फारसं काही उरत नाही. मग पंप पाणचट लागणारच.

बिडीवाल्यांचं एक मी वर्षानुवर्षं बघत आलेय. बिडीचा झुरका दोन टप्प्यांत जातो. आधी गाल आत घेऊन धूर तोंडात भरायचा, क्षणभर थांबायचं, मग आत घ्यायचा. चाळीस वर्षं हेच केलेला माणूस पंप तोंडाला लावला की तेच करतो. फवारा तोंडात भरून घेतो, तोवर औषध टाळूला आणि घशाला चिकटून बसतं, आणि मग तो नुसती हवा ओढतो. गेल्या महिन्यात एका काकांना मी म्हटलं, ‘दाखवा बघू, कसं ओढता?’ त्यांनी पंप दोन बोटांत धरला, फस् फस् दोनदा दाबला, डोळे मिटले आणि नाकातून पांढरा धूर सोडला. राख झाडायला हातही खाली गेला. मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं.

उद्या सकाळी सासऱ्यांच्या समोर बसा. खाटेवर रेलून नको, ताठ बसवा किंवा उभं करा. तोंडात तंबाखू, मिश्री, सुपारी असेल तर आधी चूळ. टोपण काढायचं. (हसू नका, टोपणासकट दाबून ‘पंप बिघडलाय’ म्हणत परत आणणारे मी पाहिलेत.) पंप जोरात हलवायचा, कारण बहुतेक पंपांत औषध तळाशी बसतं आणि न हलवता दाबला तर कधी नुसता गॅस येतो, कधी औषधाचा गोळा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे, नेमके किती ते डबीतल्या कागदावर असतं. मग छातीतली हवा हळूहळू बाहेर सोडायची, पंपापासून तोंड बाजूला घेऊन. आता ओठ पंपाच्या तोंडीभोवती घट्ट, जीभ खाली. श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात झाल्या झाल्या एकदाच दाबायचं. दाबून झालं तरी ओढणं चालूच ठेवायचं, सावकाश, मोगऱ्याचा वास घ्यावा तसं, फक्त तोंडाने, चार-पाच सेकंद. मग तोंड मिटून मनातल्या मनात दहा अंक. दहापर्यंत दम निघत नसेल तर जिथवर निघेल तिथवर. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते वेगात. श्वास घाईने, हिसक्यासरशी ओढला की फवारा सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो. तो मुळातच जोरात सुटतो, त्याला वळणावरून आत न्यायचं तर श्वास धीमा हवा. हे सगळं एकाच वेळी साधणं ७१ व्या वर्षी, त्यात संधिवाताने बोटं आखडलेली असतील तर, सोपं नाही. म्हणून डॉक्टरांना स्पेसरबद्दल विचारा. दोन प्लास्टिकचे पेले तोंडाला तोंड लावून जोडावेत तसं दिसतं ते. फवारा त्यात थांबतो, मग आपल्या सवडीने ओढता येतो, वेळ साधायची कसरत संपते.

आता गंभीर गोष्ट. दोनशे फवारे महिन्याच्या आत संपतात, म्हणजे दिवसाला सात तरी फवारे जातात. दम लागल्यावरचा पंप इतका लागणं हेच डॉक्टरांकडे जायचं कारण आहे, ओढण्याची पद्धत सुधारली तरीही. जाताना दोन्ही पंप पिशवीत घालून न्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवायला सांगा. दोन पंपांची अदलाबदल तर होत नाही ना, तेही बघा. रोजचा पंप घेतला की लगेच मोकळं वाटत नाही म्हणून तो कोनाड्यात पडतो आणि लगेच गुण देणारा दिवसभर हातात राहतो, हे घरोघर चालतं. पंपांचा रंग कंपनीगणिक बदलतो, त्यावर जाऊ नका. रोजच्या पंपाला लाल रबर बांधा. आणि सासऱ्यांना एक वाक्य सलग बोलता येईनासं झालं, ओठ-नखं निळसर दिसली किंवा गुंगी आल्यासारखं वाटलं, तर पंपाची पद्धत तपासत बसू नका. सरळ १०८ लावा.

चिपळूणहून एक निवृत्त शिक्षक : मला कॅप्सूलमधील पावडर ओढण्याचे यंत्र दिले आहे. पावसाळ्यात पावडर कॅप्सूलमध्येच चिकटून राहते असे माझे निरीक्षण आहे. सोयीसाठी मी आठवड्याच्या कॅप्सुली गोळ्यांच्या डबीत काढून ठेवतो. आमच्या कट्ट्यावरील एक स्नेही म्हणतात, पावडर राहिली तर कॅप्सूल गिळावी, औषध वाया जात नाही. आपले मत कळवावे.

गुरुजी, स्नेह्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचा सल्ला ऐकू नका. ते औषध श्वासनळ्यांसाठी बनवलंय. पोटात गेलं तर छातीला उपयोग नाही. आमच्याकडे पाटणच्या बाजूच्या एक आजी यायच्या. तीन आठवडे रोज दोन कॅप्सुली दुधाबरोबर घेतल्या त्यांनी. यंत्र कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, ‘ती फुकट दिल्याली पिपाणी व्हय? नातवाला दिली.’ चिठ्ठीवर ‘सकाळी १, रात्री १’ लिहिलेलं, ते बरोबर पाळत होत्या बिचाऱ्या. डबी आमच्याच दुकानातून गेली होती. त्या दिवसापासून कॅप्सूलच्या प्रत्येक डबीवर मी जाड मार्करने लिहिते, ‘गिळू नये’.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि कारण तुमच्याच पत्रात आहे. ती डबी. चिपळूणचा जुलै म्हणजे भिंतींना पाझर आणि मिठाला पाणी. पावडर फार बारीक असते, दमट हवा लागली की गोळा होते, आणि कॅप्सूलचं कवचही लिबलिबीत होतं, मग ते नीट फुटत नाही की टोचलं जात नाही. कॅप्सूल मूळ बाटलीत किंवा पाकिटातच ठेवायची, घ्यायच्या वेळी एकच काढायची, कोरड्या हाताने, आणि झाकण लगेच घट्ट. बाटलीत शोषक पुडी असेल तर ती कचरा समजून फेकू नका. न्हाणीघरातल्या फळीवर आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात बाटली नको.

आता यंत्र. तुमच्याकडचं रोटाहेलरसारखं, पिळायचं असेल, तर कॅप्सूल चौकोनी भोकात पारदर्शक टोक आत जाईल अशी बसवायची, वरचं टोक भोकाच्या कडेशी सपाट यायला हवं. मग तळ पिळला की कॅप्सूलची दोन टोपणं वेगळी होतात आणि पावडर आत मोकळी पडते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात सुया कॅप्सूलला भोकं पाडतात, त्यात ओढताना कॅप्सूल भिरभिरल्याचा आवाज यायला हवा. आवाज नाही तर ओढ कमी पडली किंवा कॅप्सूल अडकली. पावडर मोकळी झाल्यावर यंत्र आडवंच धरायचं. उलटं केलंत, आपटलंत तर ती सांडली.

वर बार्शीच्या सूनबाईंना सावकाश ओढा म्हणून सांगितलंय, ते तुम्हाला लागू नाही, बरोबर उलटं आहे. फवाऱ्याच्या पंपात गॅस औषध ढकलतो. पावडरच्या यंत्रात ढकलणारं कुणी नाही, तुमचा श्वासच तिला फोडतो आणि उचलतो. शहाळ्यातली मलई स्ट्रॉने ओढावी तसं, पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल. आधी श्वास सोडताना यंत्र तोंडापासून लांब हवं. तोंडातली वाफ आत गेली की चिपळूणच काय, राजस्थानातही पावडर भिजेल. ओढून झालं की दहा अंक श्वास रोखायचा, मग यंत्र उघडून बघायचं. पावडर दिसली तर पुन्हा एकदा ओढायचं. दोन ओढींत कॅप्सूल रिकामी व्हायला हवी. तरीही राहत असेल तर तुमच्या श्वासाचा जोर पुरत नसेल, ते डॉक्टरांना सांगा. यंत्र बदलून मिळतं, त्यात कमीपणा काही नाही.

यंत्र पिळायचं असेल तर आठवड्याला कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. तुमच्याकडच्या पावसात ते रात्रभरातही वाळणार नाही, म्हणून दोन यंत्रं ठेवा, आलटून पालटून. आणि औषधात स्टेरॉइड असेल, रोजच्या औषधात पुष्कळदा असतं, तर प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंकायचं. नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो, आवाज बसतो. शिक्षकाचा आवाज निवृत्तीनंतरही लागतोच.

ठाण्याहून एक वाचक : आईला (६८) गेली तीन वर्षं घरी नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं) मशीन दिवसातून दोनदा लावत होतो. नव्या डॉक्टरांनी मशीन बंद करून पंप आणि स्पेसर दिला. आईला वाटतं डॉक्टरांनी उपचार कमी केले, कारण मशीनची ‘वाफ दिसते’. स्पेसरला आतून पांढरं लागलेलं असतं, ते मी रोज फडक्याने स्वच्छ पुसतो.

पुसणं आजपासून बंद. प्लास्टिक फडक्याने घासलं की त्यावर विजेचा भार चढतो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तेच. फवाऱ्यातलं औषध मग आईच्या छातीत जाण्याऐवजी स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. भार न धरणाऱ्या प्लास्टिकचे स्पेसर मिळतात, पण धुवायची रीत एकच : आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुचकळायचा आणि न पुसता उभा करून निथळू द्यायचा. दुसरी नेहमीची चूक, स्पेसरमध्ये दोन फवारे एकदम मारायचे आणि मग ओढायचे. एक फवारा, लगेच ओढणं. तो संपला की दुसरा. एका दमात खोल ओढणं जमत नसेल तर स्पेसर तोंडातच ठेवून पाच-सहा साधे श्वास घेतले तरी चालतं.

आईंना सांगा, दम्याचा झटका आलेल्या लोकांत नेब्युलायझर आणि स्पेसर लावलेला पंप यांची तुलना पुष्कळ झालीय आणि बहुतेक रुग्णांत पंप-स्पेसर मशीनच्या मागे पडलेला नाही. मशीनची वाफ दिसते, कारण तिच्यातला मोठा भाग खोलीत जातो. मशीनची नळी नि मास्क रोज धुऊन वाळवले नाहीत तर त्यात जंतू वाढतात ते वेगळंच. अगदी दम कोंडलेला असताना किंवा हातात पंप धरायचंही त्राण नसेल तेव्हा मशीन लागतं, ते डॉक्टर सांगतील.

स्पेसरचा खर्च पेलत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये दम्याचा झटका आलेल्या मुलांना साध्या पाचशे मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून दिला होता, बुडाला पंपाच्या तोंडीच्या मापाचं भोक पाडून. तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. म्हणून आज संध्याकाळी बाटल्या कापत बसू नका, भोक ढिलं झालं तर सगळं वाया. पण दुकान बंद आणि श्वास अडलेला, अशा वेळी ठाऊक असलेलं बरं.

लातूरहून : वडील म्हणतात पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय. गोळीच चांगली नाही का?

श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅमची. त्याच औषधाचा एक फवारा शंभर मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते, कारण ते सगळ्या अंगात फिरतं. सवय म्हणाल तर चष्म्याचीही लागते. आणि हा पंप ‘शेवटचा’ म्हणून कुणी बनवला नव्हता. १९५० च्या दशकात अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने बापाला विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखा माझ्या औषधाचा डबा का नाही मिळत? त्यातून १९५६ साली पहिला दाबायचा पंप बाजारात आला. वडिलांना सांगा, लहान पोरीसाठी निघालेली वस्तू आहे.

सोलापूरहून एक व्यवसायबंधू : आपण औषध देणारे आहोत. पंप कसा ओढायचा हे शिकवणे डॉक्टरांचे काम. आपण लिहिता त्यामुळे लोक प्रत्येक मेडिकलवाल्याकडे प्रात्यक्षिक मागतील. गर्दीच्या वेळी हे कसे शक्य आहे? तुम्हाला तरी जमते का?

दादा, रोज नाही जमत. संध्याकाळी सात ते नऊ तर मान वर करायला सवड नसते. तरी फार्मसी कौन्सिलचे २०१५ चे नियम काढून बघा, रुग्णाला औषध समजावून सांगणं आपल्याच कामात धरलेलं आहे. आणि तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगते. बत्तीस वर्षांतली पहिली चौदा वर्षं मी एकालाही दाखवलं नाही. डबी पिशवीत घालायची, ‘दोनदा घ्या’ म्हणायचं, सुटे परत द्यायचे. मला स्वतःलाच नीट येत नव्हतं. कॉलेजात पंपाचं चित्र काढलं होतं, नावं दिली होती, गुण मिळवले होते.

माझी आई कोयनेच्या काठच्या गावात राहायची. आयुष्यात बिडीला हात लावला नाही, पण पन्नास वर्षं चुलीपुढे गेली. ओली लाकडं, गोवऱ्या, खिडकी नाही. पुण्यातल्या एका छातीतज्ज्ञांनी २००९ साली सहलेखकाबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला, तो मी पुढे वाचला तेव्हा आमचं स्वयंपाकघरच डोळ्यांपुढे आलं. तिला पावडरचं यंत्र दिलेलं. औषध मीच पाठवायचे, दर महिन्याला, एसटीच्या पार्सलने. चार वर्षं. फोनवर विचारायचे, ‘घेतेस ना?’ ‘घेते की गं, न चुकता.’ त्या दिवाळीत मी माहेरी गेले. पहाटे अंघोळी आटोपल्यावर ती ओट्याशी आली, कॅप्सूल घातली, पिळली, सगळं बरोबर. मग यंत्र ओठांना लावलं, गाल फुगवले आणि फुंकलं. आत. चुलीत फुंकणी घालून फुंकावं तसं, जोरात, एकदा आणि पुन्हा एकदा. पिठासारखा पांढरा ढग उडाला आणि तिच्या लुगड्यावर बसला. तिने तो झटकला आणि म्हणाली, ‘झालं.’

तोंडाला नळी लावली की फुंकायचं, हे तिच्या अंगातच होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ही नळी ओढायची. डॉक्टरांना वाटलं दुकानदार सांगेल. आणि दुकानदार मी. घरी आल्यावर मी रिकामी यंत्रं मागवून घेतली आणि काउंटरवर ठेवली. तेव्हापासून पंप घ्यायला येणाऱ्याला विचारते, दाखवा बघू, कसं ओढता? दहा वर्षांपासून पंप घेणारे जुने गिऱ्हाईक सगळ्यात जास्त चिडतात, आणि चुका त्यांच्यातही तितक्याच निघतात.

हे कराड-सोलापूरपुरतं आहे असंही समजू नका. ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला होता, १९७५ पासून २०१४ पर्यंतचा. पंप बरोबर घेणारे सरासरी ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नाही. फवाऱ्याच्या पंपाला वेळ साधणं, ओढण्याचा वेग आणि श्वास रोखणं, या तिन्हींत जवळजवळ निम्मे लोक चुकत होते. पावडरच्या यंत्राला ओढण्याआधी श्वास पूर्ण न सोडणारे ४६ टक्के. हे वाचून आधी मला बरं वाटलं, आपण एकट्याच गाफील नव्हतो म्हणून. मग तसं वाटल्याचीच लाज वाटली.

वेळेचं म्हणाल, तर मी बोलत नाही, त्यांना करून दाखवायला लावते. अर्धं मिनिट. चूक दिसली तर फक्त तेवढीच सांगते, सगळा पाठ म्हणत नाही, आणि पुन्हा करून घेते. पुढच्या महिन्यात तीच चूक परत आलेली असते, हेही सांगून ठेवते.

जालन्याहून एक वारकरी : रामकृष्ण हरी. वय ६३. माघी वारीला पायी निघायचा बेत आहे, डॉक्टरांनी जपून चालायला परवानगी दिलीय. पंप सदऱ्याच्या खिशात असतो. त्याचं टोपण हरवलंय. एकादशीला पंप चालतो का? आणि पंप संपत आलाय की नाही हे पाण्यात टाकून बघतात, ते खरं का?

माउली, पंप म्हणजे अन्न नव्हे, फराळही नव्हे. श्वास आहे तो. कीर्तनाला उभं राहायचंय तर घ्यायलाच हवा. तुमच्या महाराजांना विचारलंत तरी ते हेच सांगतील असं मला वाटतं. गुळण्यांचं पाणी गिळू नका म्हणजे मनालाही रुखरुख नको.

पाण्यात टाकून कळत नाही. औषध संपलं तरी गॅस उरतो, पंप फुसफुसत राहतो आणि माणूस गॅस ओढत बसतो. शिवाय तोंडीत पाणी जाऊन ती चोंदते. काही पंपांना मागे आकडा असतो, तो बघा. नसेल तर डबीवर किती फवारे लिहिलेत ते वाचा, घेता रोज किती, आणि संपायची तारीख आजच पंपावर चिकटपट्टी लावून लिहा. १२० चा पंप, दिवसाला चार, म्हणजे तीस दिवस. दम लागल्यावरच्या पंपाचं असं गणित बसत नाही, त्याचा एक जादा सोबत असू द्या, दिंडीतल्या शेजाऱ्यालाही तो कुठे आहे ते दाखवून ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत, ट्रकच्या टपावर आणि स्वयंपाकाच्या चुलीजवळ पंप ठेवायचा नाही, आत दाबाखालचा गॅस असतो.

आणि टोपण. तेवढ्यासाठी निघण्याआधी नवा पंप घ्या किंवा किमान छोट्या स्वच्छ पिशवीत घालून ठेवा. उघडा पंप खिशात टाकला की तोंडीत काय काय जातं, आणि जोरात ओढलं की ते थेट श्वासनळीत. नाणं, गोळीच्या पाकिटाचा तुकडा, काहीही. आमच्याकडचे एक वारकरी आजोबा ‘पंप अडलाय’ म्हणून आले होते. मी कागद पसरला, पंप उलटा करून आपटला. आधी बुक्क्याची चिमूट पडली, मग तुळशीचं वाळकं पान, आणि शेवटी सुपारीचं चांगलं मोठं खांड. ‘हे छातीत गेलं असतं, आजोबा,’ मी जरा आवाज चढवून म्हटलं. त्यांनी ते खांड उचललं, उजेडात धरून बघितलं, सदऱ्याला पुसलं आणि तोंडात टाकलं.